पांढऱ्या वायरीचे दुसरे टोक

पुरवणी जबाब. शनिवार, सकाळी १० वाजून १० मिनिटे.

नाव व पत्ता बुधवारच्या जबाबात लिहिल्याप्रमाणे. वय २६ वर्षे. शिक्षण संगणक नेटवर्कची पदविका. व्यवसाय नोकरी, रक्ततपासणी प्रयोगशाळेत नेटवर्क साहाय्यक. राहणार धुलाई कारखान्याच्या मागे, दुसरा मजला, आईवडिलांसह.

मी आज कोणीही न बोलावता ठाण्यात आले आहे आणि हवालदारांसमोर बसून सांगते, की बुधवारी दिलेल्या माझ्या जबाबात खोटे वाक्य एकही नाही. मी तो जबाब घरी आठवून वहीत पुन्हा लिहिला आणि एकेक वाक्य तपासले. तरी तो जबाब बरोबर नाही. म्हणून हा दुसरा जबाब देत आहे.

आमची प्रयोगशाळा चार मजल्यांची आहे. तळमजल्यावर नमुने येतात, वरच्या मजल्यांवर तपासले जातात, आणि अहवाल नेटवर्कवरून दवाखान्यांना जातात. नेटवर्क बंद पडले तर यंत्रे चालतात, पण अहवाल कोणालाच मिळत नाही. हे सांभाळायला आम्ही दोघी आहोत. मी चार वर्षांपासून आहे. तक्रारीत जिचे नाव आहे ती दीड वर्षापूर्वी आली. आमच्यावर विभागप्रमुख साहेब आहेत. त्यांचे मूळ काम इमारत देखभालीचे आहे.

कामाचे स्वरूप विचारल्यावरून सांगते, की दिवसाला तीस-पस्तीस फोन येतात. बहुतेक वेळा "नेट गेलंय" असे सांगतात. प्रत्यक्षात गेलेले काहीही असू शकते. कोणी पाणी तापवायला संगणकाचा प्लग काढून किटली लावलेली असते. कोणाचा पासवर्ड विसरलेला असतो आणि तो स्क्रीनच्याच कडेला कागदावर चिकटवलेला असतो. बंद करून चालू केले का, असे विचारले की सगळे हो म्हणतात. केलेले नसते. मी जाते, टेबलाखाली शिरते, वायर तपासते, कपड्यांना धूळ लागते आणि काम होते. काम झाल्यावर आमच्याकडे कोणी पाहत नाही. ते बिघडते तेव्हाच आम्ही दिसतो. याबद्दल माझी तक्रार नाही.

इमारतीत आम्हा दोघींना टोपणनावे आहेत. मी रजिस्टर मॅडम. ती हसऱ्या मॅडम. कारण मी प्रत्येक काम वेळेसह रजिस्टरमध्ये लिहिते, आणि ती कशावरही हसते. तिसऱ्या मजल्याच्या काउंटरवरच्या बाई मला एकदा सर्वांसमोर म्हणाल्या, "तुम्ही आलात की बिघडतं बघा, आणि त्या नुसत्या दारात उभ्या राहिल्या की चालू होतं." त्या दिवशी मी चाळीस मिनिटे त्यांच्या टेबलाखाली होते. वायर बसवून मी बाहेर निघत होते तेव्हा ती सहज डोकावली आणि स्क्रीन चालू झाली. बाईंनी तिला चहा दिला. मी रजिस्टरमध्ये लिहिले: वायर बदलली, ११.२० ते १२.००. कोणी बदलली हा रकाना रजिस्टरमध्ये नाही. तो मी नंतर आखून घेतला.

ती रजिस्टर लिहीत नाही. तिला सगळे पाठ असते. मी प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावते, म्हणजे ती कुठून कुठे जाते ते कळते. ती मला म्हणायची, "अगं, वायरींची हजेरी घेतेस काय? बाक क्रमांक सात, हजर!" आणि सगळे हसायचे. मीही हसत असे. तिच्या घरी तिचे वडील आणि मोठी बहीण दोघेही याच क्षेत्रात आहेत. तिने लहानपणी घरातला संगणक खोलून पुन्हा जोडला होता, असे तिने स्वतः सांगितले आहे. माझे वडील गोदामात पोती उचलतात आणि आई इमारतींचे जिने पुसते. शाळेची पायरी आमच्या घरात मी पहिली चढले. मी संगणकाला पहिल्यांदा हात लावला तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि आधी हात धुऊन आले होते. या माहितीचा प्रकरणाशी संबंध काय, असे हवालदारांनी विचारले. संबंध आहे, म्हणून सांगते.

गेल्या महिन्यात शहरातल्या मोठ्या रुग्णालयात नेटवर्क अधिकाऱ्याची एक जागा निघाली. मी अर्ज केला, तो कोणालाही न सांगता. निवडयादी लागली तेव्हा पहिले नाव तिचे होते. तिनेही मला सांगितले नव्हते. यादीच्या खाली प्रतीक्षेत एकच नाव होते, ते माझे. तिने यादी पाहून माझ्या टेबलाशी येऊन म्हटले, "अगं चोरटे, तूसुद्धा? सांगायचं नाही होय?" आणि माझ्या पाठीवर थाप मारली. मी अभिनंदन केले.

आता सोमवारची हकीकत सांगते. सकाळी साडेनऊला तिने राजीनामा दिला. साहेब चिडले. एक महिना आधी सांगायला हवे होते, असे त्यांचे म्हणणे होते. केबिनचे दार उघडे होते. साहेब म्हणाले, "जायचं तर जा. जाताना आमचं वाटोळं करू नका म्हणजे झालं." ती म्हणाली, "त्यासाठी मी कशाला हवी, साहेब?" हे दोन्ही मी ऐकले आणि बुधवारच्या जबाबात सांगितले आहे.

दहा चाळीसला ती तिसऱ्या मजल्यावर रॅकपाशी कामाला गेली. रॅक म्हणजे भिंतीवरचे लोखंडी कपाट. त्यात स्विच असतो, म्हणजे चोवीस भोकांची पेटी. प्रत्येक भोकात एक वायर, आणि ती वायर पुढे एका टेबलापर्यंत. तिला एक टेबल हलवायचे होते, म्हणून तिने एका पांढऱ्या वायरीचे टेबलाकडचे टोक काढून वायर रॅकपाशी ओढून घेतली. स्विचमधले टोक स्विचमध्येच ठेवले. तेवढ्यात मुख्य कार्यालयातून पाहुणे आले आणि साहेबांनी तिला खाली बोलावले. सकाळी भांडण झालेले असले तरी पाहुण्यांसमोर बोलायला साहेबांना तीच लागते. ती काम अर्धवट ठेवून, रॅक उघडा टाकून गेली. तेव्हा सव्वाअकरा झाले होते.

मी साडेअकराला बैठकीच्या खोलीवरून गेले. त्या खोलीला काच आहे. ती उभी राहून पाहुण्यांना आमच्या नेटवर्कचा नकाशा दाखवत होती. तो नकाशा मी काढला आहे. चारही मजले, प्रत्येक वायर, तीन आठवडे. मी तो साहेबांना दिला होता. काचेतून आवाज येत नाही, त्यामुळे ती काय सांगत होती ते मला माहीत नाही. पाहुणे हसत होते. मी तिथे किती वेळ थांबले, असे विचारल्यावरून सांगते, की दहा मिनिटांपेक्षा कमी नाही.

त्यानंतर काउंटरच्या बाईंचा फोन आला म्हणून मी तिसऱ्या मजल्यावर गेले. बाई म्हणाल्या, "तुम्ही? त्या नाहीत का?" त्यांचा माऊस निघाला होता. तो लावला. परत येताना रॅक उघडा दिसला आणि पांढरी वायर बाहेर लोंबत होती. तिला चिठ्ठी नव्हती. मी मोबाइलवर फोटो काढला. वेळ ११ वाजून ५२ मिनिटे. मग मी ते लोंबते टोक उचलून स्विचच्या रिकाम्या भोकात बसवले, रॅक बंद केला आणि फोटो साहेबांना पाठवला. सोबत लिहिले: "तिसऱ्या मजल्यावरील रॅक पुन्हा उघडा. कृपया पाहावे."

माझ्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर मीच लाल शाईने लिहिले आहे, की दोन्ही टोके पाहिल्याशिवाय वायरीला हात लावू नये. मी एकच टोक पाहिले. दुसरे टोक पाहायला हात वीतभर पुढे करून वायर ओढून पाहावी लागली असती, एवढेच. वायर जागेवर ठेवावी, पसारा आवरावा आणि कोणी आवरला ते दिसावे, असे माझ्या मनात होते. पुढे काय होईल ते मनात नव्हते.

एकाच वायरीची दोन्ही टोके एकाच स्विचमध्ये लावली की माहिती त्या वायरीतून गोल फिरत राहते आणि दर फेरीला वाढत जाते. स्विच जुना असेल तर काही मिनिटांत सगळी इमारत बंद पडते. आमचा स्विच जुना आहे. पहिला फोन ११ वाजून ५८ मिनिटांनी आला. साडेबारापर्यंत चारही मजले बंद होते.

तिला बैठकीतून बोलावले. आम्ही दोघी पहिल्या मजल्यावरच्या मुख्य खोलीत गेलो. तिथल्या पेटीवरचे सगळे दिवे एकदम, एका तालात लुकलुकत होते. पदविकेच्या वर्गात सरांनी हे दाखवले होते आणि म्हणाले होते, असे दिसले तर आधी स्वतःला विचारा, आज वायर कुठे लावली. मला ते आठवले.

तिने एक-दोन गोष्टी करून पाहिल्या. काही झाले नाही. फोन वाजत होते. बाहेर साहेब पाहुण्यांना घेऊन उभे होते. तिच्या कपाळावर घाम होता. दीड वर्षात मी तिला घाम आलेला पाहिला नव्हता. ती मला म्हणाली, "तुला काय वाटतं गं? काही सुचत नाहीये मला." तिने मला असे पहिल्यांदाच विचारले. मी म्हणाले, "बाहेरची लाइन असेल."

हे वाक्य बुधवारच्या जबाबात नाही.

तिने माझ्यावर विश्वास ठेवला. बाहेरच्या लाइनच्या माणसाला फोन केला. तो दोन वाजता आला, त्याने पाऊण तास तपासले आणि लाइन चांगली आहे असे सांगून गेला. तोपर्यंत मी काय करत होते, असे विचारल्यावरून सांगते, की मी तिच्या शेजारी उभी होते. तिला स्क्रू-ड्रायव्हर देत होते. तळमजल्यावर एक बाई लहान मुलीला मांडीवर घेऊन अहवालासाठी थांबल्या होत्या. मी दोनदा त्यांच्यासमोरून गेले. दुसऱ्यांदा त्यांनी विचारले, "ताई, अजून किती?" मी म्हणाले, "बघतोय आम्ही." त्या मुलीची शस्त्रक्रिया त्या दिवशी होऊ शकली नाही. दुसऱ्या दिवशी झाली. मी त्या दवाखान्यात फोन करून विचारले. मुलगी बरी आहे. फोन केला तेव्हा मी कोण हे सांगितले नाही.

शेवटी तिनेच शोधले. मजल्यामागून मजला, एकेक वायर उपसून पाहत ती तिसऱ्या मजल्यावर पोचली आणि तीन पन्नासला पांढरी वायर हातात धरून म्हणाली, "दोन्ही टोकं एकाच पेटीत! कुठल्या शहाण्याने लावली ही?" सगळे चालू झाले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. साहेब म्हणाले, "रॅकवर काम कोणाचं होतं?" आणि मोबाइल काढून मी पाठवलेला फोटो सगळ्यांना दाखवला.

मंगळवारी प्रयोगशाळेने तिच्याविरुद्ध मुद्दाम नेटवर्क पाडल्याची तक्रार दिली. बुधवारी मला इथे बोलावले. त्या दिवशी रॅकवर काम कोणाचे होते, असे विचारले. मी म्हणाले, तिचे. रॅक उघडा होता का? होता. राजीनामा दिला होता का? हो. साहेबांशी वाद झाला होता का? झाला. तुम्ही वायरीला हात लावलात का, असे कोणी विचारले नाही. मी सही केली. बाहेर आल्यावर मला बरे वाटले, आणि बरे वाटल्याची भीती वाटली. हे वाक्य लिहू का, असे हवालदारांनी विचारले. मी लिहा म्हणाले.

काल, शुक्रवारी सकाळी, ती किल्ल्या परत करायला आली. मी एकटीच होते. तिने किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाली, "तो फोटो तू काढलास ना? त्यात वायर खाली लोंबतेय. बावन्नला लोंबतेय आणि अठ्ठावन्नला पहिला फोन. आणि मी खाली, वीस माणसांसमोर."

मी किल्ल्यांची नोंद करायला रजिस्टर उघडले.

ती म्हणाली, "वायरींची हजेरी घेतेस, आणि स्वतःची गैरहजेरी लावलीस होय गं?"

मी म्हणाले, "मग ठाण्यात सांग ना तू."

"सांगितलं. ते म्हणाले, फोटोत नुसत्या वायरी दिसतात. साहेब म्हणाले, अंगावरचं झटकतेय. माझं कोण ऐकणार? मी लिहून काहीच ठेवत नाही ना. या इमारतीत खरं मानतात ते तुझंच." एवढे बोलताना ती हसली नाही. मग म्हणाली, "रुग्णालयाने माझी जागा थांबवलीय. तक्रार निकालात निघेपर्यंत नाही म्हणे. एक तारखेपर्यंत काही झालं नाही तर पुढचं नाव." पुढचे नाव कोणाचे हे तिने म्हटले नाही. किल्लीची रिंग तिने पुन्हा उचलून त्यातली स्वतःच्या घराची किल्ली सोडवली आणि निघून गेली.

दुपारी तीनला मला रुग्णालयातून फोन आला. एक तारखेला रुजू होऊ शकाल का, तयारी असेल तर सोमवारी कळवा, असे विचारले. मी थोड्या वेळाने सांगते म्हणाले.

हे मी घरी सांगायला नको होते. वडिलांनी गल्लीतल्या प्रत्येकाला थांबवून सांगितले, की आमची पोर मोठ्या रुग्णालयात अधिकारी झाली. वडिलांना ते रुग्णालय माहीत आहे. त्यांचा पाय मोडला होता तेव्हा आम्ही तिथल्या व्हरांड्यात दोन दिवस बसलो होतो. त्यांनी शेजाऱ्याला सांगितले, "आता आत जायला कोणाला विचारावं लागणार नाही." मी जिन्यात उभी राहून ऐकत होते.

आई जिने पुसून आली होती. तिने पाय धुतले आणि विचारले, "आणि ती हसरी गं? तिचं काय झालं?" आईने तिला पाहिलेले नाही. एकदा माझा फोन तिने उचलला होता आणि त्या दोघी पाव तास बोलल्या होत्या.

मी म्हणाले, "तिचं राहिलं."

"का? ती तर भारी हुशार, म्हणतेस ना तू."

मी असे घरी कधी म्हटल्याचे मला आठवत नव्हते. मी तसे आईला सांगितले. आई म्हणाली, "रोज म्हणतेस की. आल्यापासून जेवेपर्यंत तिचंच तर चाललेलं असतं. ती असं करते, ती तसं करते. मला वाटलं, मैत्रीण आहे तुझी."

मी जेवले नाही. आईने कारण विचारले. तिला लिहितावाचता येत नाही, पण तिला सगळे सांगायला मला फक्त सहा वाक्ये लागली. तिने माझे ताट झाकून ठेवले. मग म्हणाली, "बाबांना गल्लीत परत जाऊन सांगावं लागेल. ते मी बघते. तू तुझं बघ."

हा जबाब कोणाच्या दडपणाने देत आहे का, असे विचारल्यावरून सांगते, की नाही. तक्रारीत नाव असलेल्या व्यक्तीशी माझी मैत्री आहे का, असे विचारल्यावरून सांगते, की नाही. मला ती आवडत नाही. आजही आवडत नाही. एक तारखेला ती रुग्णालयात रुजू होईल आणि पहिल्याच दिवशी तिथल्या काउंटरवर तिला कोणीतरी चहा देईल, हे मला आत्ता इथे बसूनही सहन होत नाही. परंतु वायर तिने लावली नाही. ती मी लावली. फोटो काढलेला मोबाइल आणि रजिस्टर मी सोबत आणले आहे. सोमवारच्या पानावर ११.५२ ची नोंद नाही. ती मी काल रात्री मागाहून घातलेली नाही, पान जसे होते तसे आहे. रुग्णालयाला मी आज येण्याआधी नऊ वाजता फोन करून नाही म्हणून कळवले आहे.

हा जबाब हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला आणि नंतर मी तो स्वतःच्या डोळ्यांनी वाचला. त्यात "चुकून" हा शब्द त्यांनी स्वतःहून दोन ठिकाणी घातला होता. एक, मी वायर लावली तिथे. दुसरा, मी बाहेरची लाइन असेल म्हणाले तिथे. मी दोन्ही काढायला सांगितले. हवालदार म्हणाले, "असू द्या की, ताई. तुमच्याच फायद्याचं आहे." मी म्हणाले, पहिला हवा तर असू द्या, दुसरा नको. त्यावर ते म्हणाले, एक ठेवला तर दुसरा का खोडला असे वरचे विचारतील. म्हणून दोन्ही खोडले आहेत. खोडलेल्या दोन्ही जागी माझी सही आहे. बाकी मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.